उघडून न पाहिलेलं पार्सल

ती घटना आजही आठवते, असं म्हणून आमच्या खात्यातले निवृत्त लोक लिहायला बसतात. माझी अडचण अशी की ती आठवली की मला बसवतच नाही. मुलीकडे बहरीनला आल्यापासून रोज संध्याकाळी मी तिच्या माहूज भागातल्या गल्ल्यांतून फेऱ्या मारतो. जावई म्हणतात, "बाबा, इथे पायी कोण चालतं? लोकांना वाटेल तुमची गाडी बंद पडली." पडू दे. एक गुन्हा घडला, मी तो तपासला, आरोपी धरले, दोषारोपपत्र कोर्टात पाठवलं, आणि एवढं करूनही खरा गुन्हा कागदावर आलाच नाही. ही बोच चालताना जरा कमी टोचते.

कुणाचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही. दक्षिण कोकणात खाडीकाठी आमचं ठाणं होतं आणि माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. नवी न्याय संहिता नुकतीच लागू झाली होती. सकाळची हजेरी झाली की आम्ही सगळे पन्नाशीचे बाप्ये शाळकरी पोरांसारखी नवी कलमं घोकायचो. जुनी कलमं जिभेवर बसलेली, नवी बसायला तयार नाहीत. त्यात एके दिवशी ग्रामीण रुग्णालयातून फोन आला की आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाला खाडीच्या बांधावर लुटलंय, उजवं मनगट मोडलंय.

जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. आखातातल्या माणसाला लुटलं की गावात बोभाटा होतो आणि तासाभरात पुढाऱ्यांचे फोन सुरू होतात, हे अनुभवाने माहीत होतं. फिर्यादी तिशीच्या आतला, बहरीनमध्ये एसी मेकॅनिक. त्याला इथे मेकॅनिकच म्हणतो. शेजारी त्याची आई, हातात ओला फडका घेऊन बसलेली. त्याचा दुखरा हात ती सोडत नव्हती.

"अनोळखी लोक होते साहेब. चोर होते. मोबाइल नेला," तो म्हणाला.

"गळ्यातली चेन कशी राहिली?"

"दिसली नसेल."

चेन चांगली जाडजूड होती आणि शर्ट पुढून फाटलेला होता. आंधळ्यालासुद्धा दिसली असती. दुसरी गोष्ट त्याच्या हाताची. बोटांच्या सांध्यांवर, अंगठ्याच्या बुडाशी आणि मनगटाभोवती बारीक कापल्याच्या खुणा होत्या, सगळ्या गोलाकार. मारामारीत हात कापतो तो असा कापत नाही. मी विचारलं तर तो म्हणाला, पडलो तेव्हा लागलं. आई फडका पिळायला म्हणून उठली आणि बराच वेळ बाहेर राहिली.

घटनास्थळाचा पंचनामा केला तेव्हा बांधावर हिरव्या बांगड्यांच्या काचा सापडल्या. पंच म्हणाले, कुणी बाई घसरली असेल. मी काचा गोळा करून, पंचांच्या सह्या घेऊन मुद्देमालात जमा केल्या. तेव्हा त्यांचा संबंध लागत नव्हता, पण संबंध लागत नाही म्हणून वस्तू सोडायची नसते, हे मी नव्या भरतीच्या प्रत्येकाला सांगत आलोय.

आरोपी शोधायला फार कष्ट पडले नाहीत. मेकॅनिकला शेवटचा फोन शेजारच्या वाडीतल्या एकाच्या नंबरावरून गेला होता. त्याला आणला, त्याने आणखी तिघांची नावं दिली. चौघेही खाऊन-पिऊन सुखी घरातले. एकाचं किराणा दुकान, एकाची टेम्पोची लाइन. पोलिसी धंद्यात माणूस आधी नाही म्हणतो, मग अर्धं सांगतो, मग उरलेलं दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. हे चौघे मात्र सांगितलेला चहा यायच्या आत म्हणाले, "हो साहेब, लुटलं त्याला."

जबरी चोरीला शिक्षा किती, हे मी त्यांना समजावून सांगितलं. तरी म्हणाले, लुटलं. माणूस जड गुन्हा इतक्या आनंदाने अंगावर घेतो, तेव्हा तो त्याच्याखाली काहीतरी झाकत असतो. मी विचारलं, मग चेन का सोडली? ते एकमेकांकडे बघू लागले. म्हटलं, बरं, त्या बांगड्या कुणाच्या? चौघांनीही माना खाली घातल्या. चोरी कबूल करताना त्यांना लाज वाटली नव्हती, बांगड्यांचा विषय निघाल्यावर वाटली. मी अस्वस्थ झालो तो तिथपासून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, फोन आहे. बाहेरदेशचा वाटतो."

पलीकडे वयस्कर आवाज होता. "मी बहरीनवरून बोलतो साहेब. मूळचा रत्नागिरीकडचा. इथे बाब अल बहरीनच्या बाजारात एका दुकानात क्लार्क आहे. तो तुमचा मेकॅनिक आमच्या रूमवर राहतो. माझं नाव विचारू नका, रोजी इथे आहे माझी."

"नाही विचारत चाचा. बोला."

"त्याच्याकडे पार्सल होतं. ते मिळालं काय तुम्हाला?"

"कसलं पार्सल?"

तो म्हणाला, "म्हणजे त्याने सांगितलंच नाही. खलास. साहेब, त्या पार्सलचं विचारा. आमच्या रूममध्ये बांधलेलं आहे ते."

हे पार्सल काय असतं ते सांगायला हवं. एका खोलीत आपल्या भागातले सात-आठ जण राहतात. त्यातला एक लीव्हवर निघाला की बाकीचे आपापल्या घरी द्यायच्या वस्तू त्याच्याकडे देतात: बदाम, साबण, दुखण्यावरचा बाम, पोरांना खेळणी. आणि याचे दोन नियम असतात. पहिला नियम, नेणाऱ्यासमोर प्रत्येक पुडकं उघडून दाखवायचं आणि मगच बांधायचं, कारण विमानतळावर काही निघालं तर गळा त्याचा अडकणार. यात कुणी कुणावर रागावत नाही, सख्ख्या भावाचंही उघडतात. दुसरा नियम, गावी पोचल्यावर नेणाऱ्याने प्रत्येक घरी स्वतः जाऊन वस्तू द्यायची. कुणाच्या तरी हाती पाठवून दिली तर माणसं नाराज होतात. आपल्या मुलाला काल-परवा बघितलेला माणूस त्यांना समोर बघायचा असतो.

चाचाने सांगितलं की त्या खोलीत एक ड्रायव्हर होता, आमच्याच भागातला. त्याने मेकॅनिकला आपल्या बहिणीचं स्थळ सांगितलं होतं. मेकॅनिकने नाही म्हटलं. का नाही म्हणतो, याचा ड्रायव्हरने छडा लावला. तिथल्या अदलिया भागातल्या एका कॅफेत काम करणारा एक मुलगा मेकॅनिकचा मित्र होता, आणि ती नुसती मैत्री नव्हती. ड्रायव्हर खोलीत काही बोलला नाही. उलट लीव्हच्या आधी गोड झाला, आणि चुलतभावाच्या घरी द्यायला म्हणून एक शिवलेलं पुडकं घेऊन आला.

चाचा फोनवर म्हणाला, "मी बोललो त्याला, उघड म्हणून. तर ड्रायव्हर काय म्हणतो, आत घरातल्या बायकांचं सामान आहे, चारचौघांत काय उघडता? मग आम्ही सगळे गप्प बसलो. पोरानेही लाजून तसंच बॅगेत टाकलं."

बायकांचं सामान म्हटल्यावर कोण उघडणार? आपल्याकडची मर्यादा ड्रायव्हरला बरोबर ठाऊक होती. स्थळ नाकारलंय तेव्हा एवढं तरी करावं, असंही मेकॅनिकच्या मनात असणार.

मी फोन ठेवला आणि चौघांपैकी सारखा पाणी मागणाऱ्याला एकट्याला समोर बसवलं. कुणी मारलं, का मारलं, यातलं काही विचारलं नाही. फक्त विचारलं, "पार्सल कुणी उघडलंत?"

तो चटकन म्हणाला, "आम्ही नाही उघडलं साहेब. त्यालाच उघडायला लावलं."

मग सगळं बाहेर आलं. ड्रायव्हरच्या चुलतभावाने फोन करून मेकॅनिकला सांगितलं की घरी येऊ नको, बांधावर भेटू. तिथे तो धरून चौघे होते. बहरीनहून ड्रायव्हर फोनवर होता, व्हिडिओ लावून. मेकॅनिकला त्याच्याच हाताने शिवण उसवायला लावली. आत लग्नाचा हिरवा चुडा आणि साडी. दोघांनी धरलं आणि दोघांनी त्याच्या हातात बांगड्या चढवल्या. कामाचा, रुंद पंजाचा हात, त्यात बांगड्या जाईनात. त्या फुटल्या तशा आणखी घातल्या. मनगट मोडलं ते त्यात. फोनवरचा हसत होता आणि म्हणत होता, अजून एक, अजून एक. शेवटी मेकॅनिकचा मोबाइल खाडीत फेकला, म्हणजे लूट वाटेल.

सदतीस वर्षं मी पोलिसांत काढली. खून पाहिले, पाण्यातून प्रेतं काढली. पण ते ऐकून मी उठलो आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. या विषयात मी काही मोठा सुधारक नव्हतो. अशा माणसांबद्दल घरात जे बोललं जातं तेच मीही ऐकत वाढलो होतो. पण माणसाला त्याच्या हाताने त्याच्या अपमानाची गाठ सोडायला लावणं मला आजही सहन होत नाही.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला फिर्यादीचा पुरवणी जबाब हवा होता. मी मेकॅनिकच्या घरी गेलो. त्याच्या आईला पाणी आणायला पाठवलं आणि त्याला म्हटलं, "मला सगळं कळलंय. तू फक्त सांग, मी लिहितो."

तो पायांकडे बघत म्हणाला, "लूटच लिहा साहेब."

"अरे, का?"

"लूट झाली तर लोक चौकशीला येतात. दुसरं सांगितलं तर कोण येईल? आईला इथेच राहायचंय."

मी उठलो. सरकारी वकिलांकडे गेलो. नव्या संहितेत एक कलम आहे. पाच किंवा जास्त जणांनी मिळून कुणाला त्याचा वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून जबर दुखापत केली तर तो वेगळा गुन्हा, आणि त्यातला प्रत्येक जण दोषी. वकीलसाहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुमचे चौघे आहेत. पाचवा समुद्रापलीकडे फोनवर. आणि हे कारण या रांगेत कुठे बसतंय? तत्सम म्हणायचं, तर उद्या कोर्ट म्हणेल, तत्सम कशावरून? फिर्यादी स्वतःच लूट म्हणतोय. तुम्हीही लूटच म्हणा."

अशी ती लूट ठरली. आरोपींना लूट सोयीची, फिर्यादीला सोयीची, गावाला सोयीची आणि कायद्यालाही. चौघे जामिनावर सुटले. मी निरोपाचा नारळ घेऊन घरी आलो.

इथे आल्यावर मुंबईहून एका तरुण वकीलबाईंचा फोन आला. माझं नाव त्यांना आमच्याच खात्यातून कुणीतरी दिलं होतं. त्या ज्या विधेयकासाठी झटत होत्या, ते राज्यापुरती दुरुस्ती करणारं होतं: समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांवर ती तशी आहेत म्हणून हल्ला झाला तर तो द्वेषाचा गुन्हा धरावा, आणि पाच जण मोजत बसू नये. एका आमदारांनी ते अशासकीय विधेयक म्हणून मांडलं होतं. एकदा अधिवेशन संपलं म्हणून ते राहिलं. एकदा चर्चेला आलं त्या दिवशी सभागृहात गोंधळ झाला. लॉबीत खांद्यावर हात ठेवणारे पुष्कळ, आत हात वर करायला कुणी नाही. आता ते समितीकडे गेलं होतं.

"सर, समितीचा एकच प्रश्न आहे," वकीलबाई म्हणाल्या. "असे गुन्हे आपल्याकडे घडतात याची नोंद दाखवा म्हणतात. आणि नोंदीत तर काहीच नाही. सगळीकडे चोरी, किरकोळ भांडण, पडून दुखापत."

"माहीत आहे," मी म्हटलं. "एक नोंद मीच केलीय."

साक्ष द्यायला मी तयार होतो, पण तो प्रकार माझा नव्हता, मेकॅनिकचा होता. त्याच्या संमतीशिवाय तोंड उघडायचं नाही, हे मी ठरवलं. तो बहरीनला परत आला होता. जुनी खोली सोडून माहूजमध्येच एका केरळी कुटुंबाकडे भाड्याने राहत होता. गावाकडची माणसं, गावाकडचं जेवण, शुक्रवारचे पत्ते, हे सगळं त्या खोलीबरोबर सुटलं होतं. अदलियात एका छोट्या चहाच्या दुकानात आम्ही भेटलो. कप त्याने डाव्या हाताने उचलला.

"नाव येणार नाही," मी म्हटलं.

"साहेब, आखातातला, एसीवाला, मनगट मोडलेला. आमच्या गावात असे किती असतील? नाव कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "आई आहे तोवर नाही. इथे कंपनीला कळलं तर व्हिसाचं काय होईल ते वेगळंच. तुम्ही बघितलंय ना, इथे असं काही बोलायची सोय आहे काय? मला काम करू द्या, बस."

मी आग्रह केला नाही. तपासात आग्रहाने मिळवलेलं सगळं नंतर उलटतं. पण झोप उडाली ती उडालीच. शेवटी एका शुक्रवारी जेवणाच्या वेळी मी सूकमधली, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातली, चाचाची खोली शोधून काढली. फोनवरचा माणूस बघावा, एवढंच मनात होतं. चाचाने आवाज ओळखला. चटईवर जागा करून दिली, वर भात-आमटी वाढली. खोलीत आणखी तिघे-चौघे होते. त्यात गावाकडून नवा आलेला एक शिंपी, अगदी हळू आवाजात बोलणारा, जेवताना कुणाकडे मान वर न करणारा. आणि ड्रायव्हर.

चाचाने पोलीस हा शब्द काढला नव्हता, तरी ड्रायव्हर म्हणाला, "नमस्कार साहेब. आमच्या पोरांना आत टाकणारे तुम्हीच ना?"

"हो. एकाला टाकायचं राहिलं."

तो मनापासून हसला. "चेष्टा केली हो. बांगड्याच तर होत्या. लग्न नको म्हणाला, म्हटलं तुलाच चुडा भरू. आणि मला कसं टाकणार? मी इथे ड्युटीवर होतो, कंपनीत हजेरी आहे."

मला त्याचं हसणं लागलं नाही, कारण कागदावर तो खरंच बोलत होता. मला लागलं ते त्याच्या पुढचं. त्याने भात कालवता कालवता त्या शिंप्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "तू लीव्हवर कधी चाललास रे? माझं एक पार्सल नेशील ना?"

शिंप्याचा घास हातात राहिला. चाचाने मान फिरवली. मी तिथून उठलो तो ऊन असतानाही पायीच निघालो, आणि वाटेत मेकॅनिकला फोन केला. त्याला पटवायला नव्हे, मला ते एकट्याला पेलवेना म्हणून. जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. त्याने विचारलं, "शिंपी काय म्हणाला?" मी म्हटलं, "काही नाही." तो म्हणाला, "मीही काही म्हणालो नव्हतो," आणि फोन ठेवला.

समितीपुढे मला जातीने हजर राहायला बोलावलं होतं, तिकीट काढलेलं होतं. संमती नसेल तर कायद्याच्या त्रुटीवर दोन शब्द बोलून यायचं, असं मी ठरवत होतो. निघायच्या आदल्या दिवशी दाराची बेल वाजली. मेकॅनिक कंपनीच्या कपड्यांत, हत्यारांची पेटी घेऊन उभा होता. वॉचमनला वाटावं, एसी दुरुस्तीला आलाय. पेटीतून त्याने एक पिशवी काढली आणि टेबलावर एकेक वस्तू मांडू लागला: बदाम, केशर, बामच्या बाटल्या, आईसाठी मऊ चप्पल. प्रत्येक पुडी उघडायची, मला दाखवायची, मग बंद करायची.

"अरे, राहू दे. माझा विश्वास आहे," मी म्हणालो.

"बघा साहेब," तो म्हणाला. "विश्वासावर न्यायचं नसतं."

सगळं दाखवून झाल्यावर पिशवीची गाठ मारायला त्याने मला सांगितलं, त्याला एका हाताने जमत नव्हतं. गाठ पक्की बसली का, ते त्याने ओढून पाहिलं. मग म्हणाला, "आई हाताचं विचारील. या वेळी चोरांनी मोडला म्हणू नका."

"मग काय सांगू?"

"खरं सांगा. ती ऐकेल तर समितीलाही सांगा. तिने दार लावून घेतलं तर काहीच सांगू नका. मला फोन करा, मी समजून जाईन."

सगळी साक्ष आता त्या बाईवर येऊन थांबली. विमानात मी किती प्रकारांनी सुरुवात जुळवली असेल, देव जाणे. असंख्य घरांत मी मरणाच्या बातम्या सांगितल्या आहेत, त्यालाही एक पद्धत असते. याला काही पद्धत सापडेना.

तिने मला पडवीत बसवलं, सरबत दिलं. पिशवीतली चप्पल पायात घालून बघितली. मी विषय काढला. "आई, त्याच्या हाताचं जरा बोलायचं होतं. ते चोर—"

तिने चप्पल काढून बाजूला ठेवली. "सायबानू, चोर कदी काकणां भरतत काय?"

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

"त्या दिसा तेचो हात मीच धुतलंय. हिरवी काच काडलंय. सगळो जल्म मी काकणां घातलंय, ती फुटतत तेवा हात कसो कापता ता माका म्हायत नाय?" ती म्हणाली. "तेना सांगूक नाय, मी इचारूक नाय. तेका वाटला आवशीक सोसूचा नाय. माका वाटला झीलाक सोसूचा नाय."

म्हणजे आई आणि मुलगा, दोघंही एकमेकांना सोसणार नाही म्हणून तेच लपवत होते. मग मी तिला काय घडलं ते सांगितलं, कमी न करता. लग्नाला तो का नाही म्हणाला, तेही सांगितलं. तिला वाईट वाटलंच नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं. मग म्हणाली, "लगीन करूचा नसात तर नको करूंदे. पण हात कित्याक मोडल्यानी? थंय जावन सांगा तुमी. कोण इचारीत तर माजा नाव सांगा, आवशीन सांगितल्यान म्हणा."

समितीपुढे मी सांगितलं. एका सदस्यांनी दोषारोपपत्राची प्रत उलटीसुलटी करून विचारलं, "यात हे कुठे आहे?" म्हटलं, "नाही, म्हणूनच आलो. ज्याला कलम नाही ते कागदावर येत नाही, आणि कागदावर नाही म्हणून तुम्ही कलम करत नाही." दुसरे म्हणाले, चौघेच होते ना, मग एवढं काय? मी त्यांना शिंप्याची गोष्ट सांगितली. बाहेर आल्यावर एकाने मला बाजूला घेतलं. "पटलं हो साहेब तुमचं. पण मतदारसंघात जाऊन काय सांगू?" मी त्यांना त्या आईचंच उत्तर दिलं: आईने सांगितलंय म्हणा. ते हसले आणि गाडीत बसले. अहवाल अजून यायचाय, अधिवेशन संपलं, विधेयक पुन्हा मांडावं लागेल म्हणतात. वकीलबाई दमल्या होत्या. म्हणाल्या, "सर, असं काही आपल्याकडे घडतच नाही, हे या वेळी कुणी बोललं नाही." तेवढीच कमाई.

मला नोकरीत शिकवलं होतं की खोटं शोधायचं तर दोघांच्या जबाबांतला फरक शोधा. या प्रकरणाने उलटं शिकवलं. आरोपी, फिर्यादी, गाव, वकील, सगळे जेव्हा एकच गोष्ट सांगतात, तेव्हा कुणाला तरी गप्प राहण्यावाचून गत्यंतर उरलेलं नसतं. निवृत्त होण्याआधी हे समजलं असतं तरी मी काय केलं असतं, ठाऊक नाही. कलम तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही. चाचाने मात्र खोलीत नवा नियम केलाय: पुडकं बायकांचं असो नाहीतर देवाचं, उघडल्याशिवाय दारातून बाहेर जाणार नाही. ड्रायव्हर अजून तिथेच राहतो.

बहरीनला परतलो तसा मेकॅनिक आला. आईने पाठवलेली पिशवी मी टेबलावर ठेवली आणि रीतीप्रमाणे त्याच्यासमोर उघडली: कोकम, कुळथाचं पीठ, आणि कापडात गुंडाळलेली उंडीच्या तेलाची बाटली. हे तेल आमच्याकडे मोडक्या, अवघडलेल्या सांध्याला चोळतात.

बाटली बघून तो थबकला. "आईने हाताचं विचारलं?"

"विचारलं नाही," मी म्हटलं. "तिनेच मला सांगितलं."

तो खुर्चीवर बसला. बाटलीचं बूच त्याला डाव्या हाताने निघेना. मी काढून दिलं.